घरच्या कॉम्प्युटरला पल्सारच्या शोधाला लावताना

ऑगस्ट २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका नव्या पल्सारची नोंद छापून आली. नाव पीएसआर जे२००७+२७२२, सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिशय दाट गाभा. पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ संकेतांत तो दडलेला होता. तो हुडकून काढला मात्र अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका दांपत्याच्या कॉम्प्युटरने आणि जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठातल्या एका कर्मचाऱ्याच्या मशीनने. तिघांपैकी कोणीही व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ नव्हतं. त्यांनी बॉइंक नावाचा एक फुकट प्रोग्रॅम उतरवून घेतला होता आणि आइन्स्टाइन ॲट होम या संशोधन प्रकल्पाची मोजणी आपल्या मशीनवर करून देण्यासाठी तो चालू ठेवला होता, एवढंच.

तोच प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर कसा बसवायचा, वीजबिल आणि मशीन दोन्ही सांभाळून कसा चालवायचा, आणि नको झाला तर नीट कसा बंद करायचा, ते इथे सांगतो. सुरुवातीलाच एक मत मांडतो, कारण पुढच्या बहुतेक सूचना त्यातूनच निघतात. या कामात मशीन किती दणकट आहे यापेक्षा घेतलेलं काम ते मुदतीत परत करतं का, हे जास्त महत्त्वाचं आहे. पहिल्या आठवड्यात सगळं शंभर टक्क्यांवर लावायचं, पंख्याचा आवाज ऐकून घरच्यांची बोलणी खायची, महिनाअखेरीस बिल पाहून सगळं पुसून टाकायचं आणि अर्धवट कामं तशीच लटकत ठेवायची, हा प्रकार फार चालतो. त्यापेक्षा निम्म्या ताकदीने वर्षभर चाललेला जुना लॅपटॉप संशोधकांच्या जास्त उपयोगी पडतो.

मशीन नेमकं काय मोजत बसतं

अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर (अवकाश-काळात उठणारा तरंग) दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आली होती आणि सेकंदाच्या अंशात संपली होती. आइन्स्टाइन ॲट होम हा प्रकल्प ज्या लहरींच्या मागे आहे त्या वेगळ्या. वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर अगदी किंचित उंचवटा असला, तरी त्यातून सतत पण कमालीची क्षीण लहर निघत राहायला हवी. अशी अखंड लहर अजून कोणाच्याही हाती लागलेली नाही.

ती गोंगाटातून वर यायची तर महिनोन्महिन्यांचा डेटा सलग जोडून पाहावा लागतो. पण तेवढ्या काळात पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरत असते, म्हणून डॉप्लर परिणामाने लहरीची वारंवारिता सरकत राहते. ती किती आणि कशी सरकेल हे तारा आकाशात कुठे आहे यावर ठरतं. शिवाय तारा स्वतःही हळूहळू मंदावत असतो. म्हणजे आकाशातली जागा, वारंवारिता आणि मंदावण्याचा वेग यांचा एकेक शक्य मेळ घ्यायचा, त्या मेळाची लहर कशी दिसली असती ते मांडायचं आणि डेटाशी ताडून पाहायचं. जितका जास्त काळाचा डेटा, तितके हे मेळ बारीक करावे लागतात आणि त्यांची संख्या भयानक वाढत जाते. गणित अवघड नाही, पण ते संपतच नाही.

अपेक्षित लहरीचे साचे आधी तयार ठेवून डेटा त्यांच्याशी ताडण्याच्या पद्धतीवर, टकरींतून येणाऱ्या लहरींसाठी, पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारापासून पायाभूत काम केलं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा विषय आपल्याला तितका परका नाही.

प्रकल्पाची दुसरी दोन कामं पल्सारची. एकात फर्मी या अवकाश दुर्बिणीने टिपलेले गॅमा किरणांचे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, तपासतात. हे फोटॉन इतके विरळ येतात, की ताऱ्याच्या कितीतरी फेऱ्या होतात तेव्हा कुठे एखादा दुर्बिणीत पडतो. अशा वर्षानुवर्षांच्या तुरळक ठिपक्यांतून ताल ओळखायचा. पीएसआर जे१६५३-०१५८ हा सेकंदाला पाचशेहून जास्त फेऱ्या घेणारा पल्सार २०२० मध्ये असाच सापडला. तो आणि त्याचा जोडीदार एकमेकांभोवतीची फेरी अवघ्या ७५ मिनिटांत पुरी करतात. दुसऱ्या कामात रेडिओ दुर्बिणींचा डेटा चाळतात. आधी तो अरेसिबोचा होता. ती दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली, पण तिने जमवलेला डेटा मागे राहिला. आता दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटच्या ६४ तबकड्यांचा डेटाही येतो.

हे सगळं लहान लहान तुकड्यांत कापून जगभरच्या मशीनना वाटलं जातं. असा एक तुकडा म्हणजे एक टास्क. तोच तुकडा दोन वेगवेगळ्या लोकांच्या मशीनवर जातो. दोन्ही उत्तरं जुळली तरच निकाल ग्राह्य धरतात, जुळली नाहीत तर तिसऱ्याकडे पाठवतात. तुम्ही टास्क घेऊन बसून राहिलात तर कुठल्या तरी देशातला दुसरा माणूस आपलं काम करूनही ताटकळत राहतो. मुदतीचा मुद्दा मी इतका लावून धरतो तो यासाठी.

प्रकल्प कोणता घ्यायचा

जुन्या लोकांना सेटी ॲट होम आठवत असेल. परग्रहावरच्या संकेतांचा शोध घेणारा हा प्रकल्प मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि त्यानेच घरच्या मशीनवर संशोधकांची मोजणी करून देण्याची ही चळवळ घराघरांत नेली. पण ३१ मार्च २०२० नंतर तो नवीन काम पाठवत नाही. आज कोणी ‘सेटी लावा’ असा सल्ला देत असेल तर त्याची माहिती जुनी आहे.

मिल्कीवे ॲट होम हा न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटचा प्रकल्प. आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या दीर्घिकांचे ताऱ्यांचे पट्टे कसे बनले, हे तो गणिती प्रतिरूपांतून तपासतो. त्याची टास्क एकाच वेळी प्रोसेसरचे अनेक गाभे घेते, त्यामुळे नवख्याला मशीन एकदम जड झाल्यासारखं वाटतं. ॲस्टेरॉइड्स ॲट होम प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाचा. लघुग्रहाचा प्रकाश कसा कमीजास्त होतो त्यावरून त्याचा आकार, अक्ष आणि फिरण्याचा काळ काढायचा. मला हा विषय फार आवडतो.

तरी सुरुवातीला आइन्स्टाइन ॲट होमच घ्या. फेब्रुवारी २००५ पासून तो चालू आहे. मागे विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ आणि हॅनोव्हरची माक्स प्लांक गुरुत्वीय भौतिकी संस्था आहे. काम सहसा खंडत नाही, साध्या मशीनलाही काही ना काही मिळतं, आणि नव्वदहून जास्त न्यूट्रॉन तारे त्याच्या खात्यावर जमा आहेत. एकाच दिवशी चार प्रकल्प जोडू नका. प्रत्येकाची मुदत वेगळी, कामाचा आकार वेगळा. घोळ नक्की.

डोळ्यांनी चित्रं पाहून दीर्घिका ओळखण्याची आवड असेल तर ती वाट निराळी आहे. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची चित्रं वापरणारा रॅड ॲट होम हा भारतीय उपक्रम तसला. तिथे माणूस शिकून काम करतो. इथे माणूस झोपलेला असतो.

आधी वीजबिलाचा हिशेब

लोक मशीनपासून सुरुवात करतात, मी मीटरपासून करतो. रिकामा बसलेला लॅपटॉप आणि पूर्ण ताकदीने मोजणारा लॅपटॉप यांच्या वीजवापरात दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो. लॅपटॉप एरवीही चालूच असेल तर फक्त जादा वॅट धरायचे. केवळ यासाठी चालू ठेवणार असाल तर सगळे धरायचे.

जादा वॅट मोजायला प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर मिळतो. तो नसला तरी अडत नाही. घराच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं, समजा ३२००. फ्रिज, गिझर, पंप, एसी बंद करा. पंखा-दिवे आहेत तसे राहू द्या. कॉम्प्युटर नुसता चालू ठेवून पाच मिनिटं दिवा मोजा. मग मोजणी सुरू करून पुन्हा पाच मिनिटं मोजा. ३२०० च्या मीटरवर पाच मिनिटांत १६ लुकलुका जास्त भरल्या तर तासाला १९२ झाल्या, म्हणजे जादा वापर ६० वॅट. शाळेत शिकवतात तोच त्रैराशिकाचा हिशेब.

आता ही दोन टोकं पाहा. लॅपटॉप जादा ४० वॅट, रोज ८ तास, महिना ३० दिवस: ९.६ युनिट. ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप २५० वॅट, चोवीस तास, ३० दिवस: १८० युनिट. पहिला आकडा बिलात हरवून जातो, दुसरा जात नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात आणि वाढीव युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या भावाने पडतात. महिन्याला १५० युनिट जाळणाऱ्या घरात या १८० ची भर पडली तर घर ३०० ची रेषा ओलांडतं. म्हणून बिलावरचा सरासरी दर धरू नका, शेवटच्या टप्प्याचा दर धरा, आणि त्यात वहन आकार, वीज शुल्क मिळवा.

छतावर सौर पॅनल असेल किंवा बिल वेळेनुसार लागत असेल आणि दिवसाची वीज स्वस्त पडत असेल, तर मोजणी दिवसा लावा. बाकीच्यांनी थंडीच्या रात्री निवडाव्यात. मार्च ते जून नागपूर-अकोल्याकडच्या माणसाने दुपारी हे चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मशीनने सोडलेली उष्णता एसीने बाहेर ओढायची म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा भरायचे.

यासाठी नवीन मशीन विकत घेऊ नका. आहे ते पुरतं. गेल्या आठ-दहा वर्षांतला ६४ बिटचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, दहा-वीस जीबी मोकळी जागा एवढं असलं तर सुरुवात होते. ४ जीबी रॅमवरही चालतं, पण मग एका वेळी एकच टास्क चालवायची.

बसवणं आणि खातं उघडणं

या सगळ्या प्रकल्पांना जोडणारा मधला प्रोग्रॅम म्हणजे बॉइंक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने तो तयार झाला. तो फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. बर्कलीच्या अधिकृत बॉइंक संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. सॉफ्टवेअरची खाण असलेल्या भलत्या साइटवरून घेतलेल्या फायलीत काय येईल याचा नेम नाही. ‘बसवा आणि पैसे कमवा’ असं कोणी सांगत आलं तर तो दुसराच धंदा आहे. इथे खिशात काही पडत नाही.

विंडोजवर इन्स्टॉलर चालवताना दोन ठिकाणी थांबा. व्हर्च्युअलबॉक्ससकट (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) असा पर्याय दिसला तर तो सोडा. काही प्रकल्पांना तो लागतो, आइन्स्टाइनला लागत नाही. ॲडव्हान्स्ड पर्यायांत ‘सर्व्हिस इन्स्टॉल’ची चौकट असते. ती टिचकी मारून चालू केलीत तर बॉइंकला ग्राफिक्स कार्ड वापरता येत नाही. पुढे ‘कार्ड दिसत नाही’ म्हणून डोकं खाजवत बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या अडचणीचं मूळ या चौकटीत असतं. उबंटू वापरणाऱ्यांनी सॉफ्टवेअर सेंटरमधून बॉइंक घ्यावा. क्लायंट (मागे मोजणी चालवणारा) आणि मॅनेजर (समोर दिसणारी खिडकी) असे दोन भाग येतात, दोन्ही लागतात. मॅनेजर क्लायंटला जोडला जात नसेल तर तुमचं युजरनेम ‘बॉइंक’ नावाच्या गटात घालून एकदा लॉग आउट करून परत या.

पहिल्यांदा उघडल्यावर बॉइंक प्रकल्पांची यादी पुढे करतो. आइन्स्टाइन ॲट होम निवडा, नवीन खातं म्हणा, ईमेल आणि पासवर्ड द्या. हा पासवर्ड बँकेचा किंवा जीमेलचा नको. ईमेल मात्र रोज उघडता तोच द्या. तुमच्या मशीनवर खरोखर काही सापडलं तर संशोधक तुमच्यापर्यंत पोचणार कसे? टोपणनाव सगळ्यांना दिसतं, तेव्हा जे दिसलेलं चालेल तेच लिहा. खात्याच्या सेटिंगमध्ये आपली मशीन इतरांना दाखवायची की नाही हेही ठरवता येतं. मदत मागायची वेळ आली तर दाखवलेली बरी, कारण त्याशिवाय कोणाला दोष शोधता येत नाही.

जोडणी झाली की काही मिनिटांत फायली उतरायला लागतात. गुरुत्वीय लहरींच्या कामाला सुरुवातीला बऱ्याच फायली येतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका. पुढे तोच डेटा लागणारी कामं शक्यतो तुमच्याचकडे पाठवायची, अशी सर्व्हरची रचना असते, त्यामुळे पहिल्या दिवसाइतका भार रोज पडत नाही.

सेटिंग: इथे घाई नको

बॉइंकची साधी खिडकी दिसायला गोड असते, पण उपयोगाची नाही. व्ह्यू मेनूतून ॲडव्हान्स्ड व्ह्यू घ्या. मग ऑप्शन्समध्ये कम्प्युटिंग प्रेफरन्सेस उघडा.

सगळ्यात मोलाच्या दोन ओळी एकाखाली एक येतात आणि त्यांचीच गल्लत होते. एक म्हणते, किती टक्के प्रोसेसर वापरायचे. दुसरी म्हणते, किती टक्के वेळ वापरायचा. मशीन तापतं म्हटल्यावर लोक दुसरी ओळ ५० वर आणतात. तिचा अर्थ असा, की बॉइंक थोडा वेळ पूर्ण जोरात चालणार, थोडा वेळ गप्प बसणार, पुन्हा जोरात. तापमान वरखाली होत राहतं, पंखा घरघरतो आणि थांबतो, पुन्हा घरघरतो. तेव्हा दुसरी ओळ १०० वरच राहू द्या आणि पहिली कमी करा. आठ धाग्यांच्या (थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवू शकणाऱ्या) प्रोसेसरवर ५० टक्के म्हणजे एका वेळी चार टास्क, बाकीचे चार तुमच्या ब्राउझरला आणि टॅलीला मोकळे. लॅपटॉपवर २५ टक्क्यांनी सुरुवात करून आठवड्याने वाढवा.

विंडोज लॅपटॉपवर आणखी एक युक्ती फार चालते. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. प्रोसेसरचा टर्बो वेग त्याने बंद होतो. काम थोडं हळू होतं, पण तापमान लक्षात येण्याइतकं उतरतं आणि विजेच्या युनिटमागे जास्त काम पदरात पडतं. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या ॲपमधला ‘शांत’ मोड निवडा.

तापमान पाहायला एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेम्प पुरे. ८० अंशांच्या आत राहिलं तर उत्तम, ८५ च्या वर टिकून राहिलं तर एक टास्क कमी करा. त्याआधी मात्र जाळीतली धूळ साफ करा. दोन वर्षांत न उघडलेल्या लॅपटॉपच्या पंख्यामागे धुळीचा नमदा बसलेला असतो आणि तो काढल्यावर दुसरं काही करावंच लागत नाही. गादीवर, उशीवर, सोफ्यावर ठेवून बॉइंक अजिबात चालवू नका.

त्याच खिडकीत ‘बॅटरीवर असताना थांबव’ हे चालू ठेवा. ‘मशीन वापरात असताना थांबव’ हे तुमच्या सहनशक्तीवर. साध्या लिखापढीच्या कामात बॉइंक जाणवत नाही, कारण त्याची टास्क सगळ्यात खालच्या प्राधान्याने चालते. व्हिडिओ एडिटिंग, गेम, ऑनलाइन परीक्षा यांच्या वेळी थांबलेला बरा. तेवढ्यापुरतं थांबवायचं तर कोपऱ्यातल्या बॉइंकच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून ‘स्नूझ’ म्हणा, तासाभराने तो आपोआप उठतो.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनी मात्र सावध राहावं. लाइट गेल्यावर लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि लॅपटॉपला वाटतं भिंतीतली वीज चालूच आहे. बॅटरीची अट इथे लागूच होत नाही आणि बॉइंक निवांतपणे तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी खात बसतो. यावर स्वयंचलित इलाज सोपा नाही. भारनियमनाची वेळ ठरलेली असेल तर डेली शेड्यूल्समध्ये ते तास वगळा, नाहीतर मशीनचा प्लग इन्व्हर्टर नसलेल्या पॉइंटला लावा. वीज अचानक गेली तर काम वाया जाईल का, असं बरेच जण विचारतात. टास्क अधूनमधून आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवते, त्यामुळे शेवटच्या नोंदीपासून पुढे सुरू होते. नुकसान बहुधा काही मिनिटांचं.

आता साठा. ‘किमान इतक्या दिवसांचं काम ठेव’ आणि ‘वर आणखी इतक्या दिवसांचं’ अशा दोन चौकटी असतात. मूळ आकडे ०.१ आणि ०.५ असतात आणि तेच योग्य आहेत. इंटरनेट जातं म्हणून लोक इथे १० भरतात. मग मशीन ढीगभर कामं ओढतं, रोज आठ तासांत ती उरकत नाहीत, मुदत उलटते. आइन्स्टाइनच्या बहुतेक टास्कना सुमारे दोन आठवडे मिळतात. आठवडाभर गावी जाणारा माणूस दहा दिवसांचा साठा घेऊन बसला तर हिशेब तुम्हीच करा. नेट फार बेभरवशाचं असेल तर १ दिवस ठेवा, त्याच्या वर जाऊ नका.

शेवटचं सेटिंग बॉइंकच्या बाहेर आहे. मशीन स्लीपमध्ये गेलं की मोजणीही झोपते आणि बॉइंक ते रोखत नाही. रात्री चालवायचं असेल तर चार्जरवर असताना स्लीप ‘कधीच नाही’ करा आणि स्क्रीन पाच मिनिटांत बंद होऊ द्या.

पहिला आठवडा

टास्क्स या टॅबवर रोज एकदा नजर टाका, जास्त नको. साध्या प्रोसेसरवर एका टास्कला अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागू शकतो. उरलेल्या वेळेचा अंदाज सुरुवातीला चक्क खोटा असतो, पाच-दहा कामं झाली की सुधारतो. ‘वेटिंग टू रन’ म्हणजे बिघाड नाही, बॉइंकने दुसरी टास्क पुढे घेतली आहे. ‘रेडी टू रिपोर्ट’ दिसलं तर काम झालेलं आहे, सर्व्हरला कळवणं बाकी आहे. ते आपोआप होतं, अपडेटचं बटण दाबत बसू नका.

काम गेलं तरी क्रेडिट लगेच दिसत नाही. तुमच्या जोडीच्या मशीनचं उत्तर येईपर्यंत ते ‘पेंडिंग’मध्ये राहतं. क्रेडिट हा फक्त केलेल्या मोजणीचा माप आहे. एक गिगाफ्लॉप वेगाच्या, म्हणजे सेकंदाला एक अब्ज गणितं करणाऱ्या, मशीनने दिवसभर काम केलं तर २०० क्रेडिट, असा मूळ हिशेब. सरासरी क्रेडिटचा आकडा मागच्या दिवसांना हळूहळू विसरत जातो, त्यामुळे तो स्थिरावायला काही आठवडे लागतात. सेटिंग बदलल्यावर दुसऱ्या दिवशी त्या आकड्यावरून निष्कर्ष काढणं व्यर्थ.

पाहायचं ते दुसरंच. प्रकल्पाच्या साइटवर आपल्या खात्यात ‘व्हॅलिड’, ‘इनव्हॅलिड’ आणि ‘एरर’ असे रकाने असतात. शंभरात एखाददुसरं चुकलं तर सोडून द्या. इनव्हॅलिड वाढत असतील तर मशीन चुकीची बेरीज करतं आहे, आणि त्याची कारणं ठरलेली: जास्त तापणं, ओव्हरक्लॉक केलेला (ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवलेला) प्रोसेसर किंवा कार्ड, खराब रॅम. ओव्हरक्लॉक काढा, रॅमची रात्रभर चाचणी घ्या. गेममध्ये न दिसणारा दोष इथे उघडा पडतो. टास्क सुरू होताच एरर येत असेल तर अँटिव्हायरसवर संशय घ्या. प्रोग्रॅम अधिकृत जागेवरून घेतलेला असेल तर सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटामधलं बॉइंकचं फोल्डर अपवादांत घाला.

ग्राफिक्स कार्ड, फोन आणि दुसऱ्यांची मशीन

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर मीरकॅटच्या डेटाचं काम ते प्रोसेसरच्या कितीतरी पट वेगाने उरकतं. फक्त ड्रायव्हर कार्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरमध्ये कधीकधी ओपनसीएल (कार्डावर मोजणी करायला लागणारा भाग) नसतं आणि मग बॉइंकच्या इव्हेंट लॉगमध्ये ‘वापरण्याजोगं जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) सापडलं नाही’ अशा अर्थाची ओळ येते. इव्हेंट लॉगच्या पहिल्या वीस-तीस ओळी वाचायची सवय लावा, निम्म्या शंका तिथेच मिटतात. प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स मात्र खात्याच्या प्रकल्प सेटिंगमधून बंद ठेवा. ते प्रोसेसरचीच उष्णता आणि रॅम वाटून घेतं, हाती फारसं लागत नाही. एकाहून जास्त मशीन असतील तर त्याच ठिकाणी होम, स्कूल, वर्क असे गट मिळतात. डेस्कटॉप एका गटात, लॅपटॉप दुसऱ्यात टाकला की प्रत्येकाला वेगळे नियम लावता येतात.

अँड्रॉइडवरही बॉइंक चालतो. फोन चार्जिंगला, बॅटरी जवळजवळ भरलेली आणि वायफाय जोडलेलं असेल तेव्हाच तो काम करतो, अशी त्याची मूळ मांडणी आहे. रोजच्या फोनवर मी लावणार नाही, उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. कपाटात पडलेला जुना फोन असेल तर कव्हर काढून, फरशीवर ठेवून लावा आणि बॅटरी फुगते का यावर लक्ष ठेवा. त्यापेक्षा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बरा. काही वॅटवर शांतपणे चालतो, अरेसिबोचा डेटा चाळण्याइतका तो समर्थ आहे.

ऑफिस, कॉलेज, शाळेची लॅब इथे लेखी परवानगीशिवाय काहीही बसवू नका. हेतू कितीही चांगला असो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक कॉलेजच्या कर्मचाऱ्याने तिथल्या कॉम्प्युटरवर असाच वाटून मोजणी करणारा प्रोग्रॅम टाकला, तर त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला होता. शाळेत करायचंच असेल तर मुख्याध्यापकांना भेटा, बिलाचा वरचा हिशेब कागदावर द्या, दोन मशीनवर दिवसा चार तास एवढंच मागा. विज्ञान मंडळाच्या मुलांना त्या दोन मशीनच्या ‘व्हॅलिड’ रकान्यावर पुष्कळ शिकवता येतं.

थांबायचं झालं तर

परीक्षा, बदली, उन्हाळा, मशीन विकणं, कारण काहीही असो, थेट अनइन्स्टॉल करू नका. प्रोजेक्ट्स टॅबमध्ये आइन्स्टाइनवर टिचकी मारून ‘नो न्यू टास्क्स’ दाबा. हातातली कामं एक-दोन दिवसांत संपू द्या. जी मुदतीत होणारच नाहीत ती ‘ॲबॉर्ट’ करा. त्यात कमीपणा काही नाही, उलट ती ताबडतोब दुसऱ्याकडे जातात. सगळं ‘रिपोर्ट’ झालं की टास्क्सची यादी रिकामी दिसेल. मग ‘रिमूव्ह’, आणि त्यानंतर बॉइंक काढून टाका. डेटाचं फोल्डर मागे राहतं, ते हाताने पुसावं लागतं. खातं आणि क्रेडिट सर्व्हरवर तसंच असतं. पुढे कधी परत यायचं झालं तर त्याच ईमेलने आत या, नव्याने नोंदणी लागत नाही.

दिवाळीला चार दिवस गावी निघालात, तर एवढा खटाटोप नको. निघण्याच्या आदल्या दिवशी ‘नो न्यू टास्क्स’ आणि परत आल्यावर ‘अलाउ न्यू टास्क्स’, एवढं पुरतं.